दीड टक्क्याची लढाई

कॉम्प्युटर कसा चालतोय हे बघायची आपल्याकडे एकच सर्वमान्य चाचणी आहे. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी माउसचं उजवं बटण दाबायचं आणि 'रिफ्रेश' करायचं. मग पुन्हा करायचं. दुकानदार करतो, दुरुस्तीला आलेला करतो, पासबुक छापण्याआधी बँकेतला कारकून करतो. ज्याच्या सल्ल्याने कॉम्प्युटर घेतला तो घरोघरचा भाचा तर खुर्चीत नीट टेकायच्या आधीच करतो. आयकॉन क्षणभर लुकलुकतात, परत जागेवर येतात, आणि भाचा मान डोलावून म्हणतो, "मामा, फास्ट आहे." रिफ्रेशने वेग कळत नाही, वाढत तर मुळीच नाही, तीच चित्रं पुन्हा रंगवली जातात एवढंच. पण मामाचं समाधान होतं, भाच्याचा मान राहतो, आणि चहा येतो. चाचणीकडून आणखी काय हवं?

याच उद्योगाची भारदस्त, तक्त्यांसकटची आवृत्ती गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरच्या हार्डवेअर परीक्षणांत चालू आहे. तिथे मदरबोर्डच्या कामगिरीची परीक्षा घेतात. एकाच वर्गातले आठ-दहा मदरबोर्ड जमवायचे. प्रत्येकावर तोच प्रोसेसर, तीच रॅम, तीच डिस्क, तेच ग्राफिक्स कार्ड बसवायचं. मग फोटोशॉप उघडायचं, एका चित्रावर ठरलेल्या क्रिया करायच्या आणि किती सेकंद लागले ते लिहून ठेवायचं. बाकी सगळं सारखं, तेव्हा जो फरक पडेल तो मदरबोर्डचा. तर्क बिनतोड आहे. अडचण एवढीच, की फरक पडत नाही.

पडणार तरी कसा? मदरबोर्ड स्वतः काहीच करत नाही. हिशेब प्रोसेसर करतो, लक्षात रॅम ठेवते, साठवण डिस्ककडे, पडद्यावर चित्र उमटवणं कार्डाकडे. मदरबोर्डने या मंडळींना जागा द्यायची, वीज पुरवायची आणि एकमेकांशी बोलायला वाट करून द्यायची. लग्नात मांडववाल्याचं जे स्थान, तेच त्याचं. नवरी कशी दिसत होती, जिलबी कशी झाली होती, मुलाकडच्यांचा मान कुठे राहिला, यावर पुढे वर्षभर चर्चा होते. मांडवाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मांडवाचा विषय निघालाच तर समजावं, तो पडला. आता अशा दहा मांडवांखाली तोच नवरा, तीच नवरी आणि तेच भटजी दहा वेळा उभे करायचे आणि कुठल्या मांडवात मंगलाष्टकं लवकर आटोपली याचा तक्ता छापायचा, असं हे शास्त्र आहे.

परीक्षकांना फोटोशॉपपर्यंत आणलं ते वाचकांनी. आधी कृत्रिम चाचण्यांची चलती होती. टोकियो विद्यापीठातल्या गणितींच्या कामातून निघालेला सुपर पाय नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध होता. पाय या संख्येचे दहा लाख अंक काढायला तो प्रोसेसरला जुंपायचा आणि वेळ सांगायचा. वाचकांनी रास्त शंका काढली, की आम्ही घरी पायचे अंक काढत नाही. शाळेत बावीस सप्तमांशावर भागलं, पुढेही भागेल. आम्ही जी कामं करतो त्यांत यंत्र कसं चालतं ते सांगा. तेव्हा प्रत्यक्ष वापरातल्या सॉफ्टवेअरवर चाचण्या घ्यायचा जमाना आला, आणि प्रत्यक्ष वापरातलं, पण यंत्राला घाम फोडणारं सॉफ्टवेअर म्हटलं की सगळ्यांची बोटं फोटोशॉपकडे वळली.

फोटोशॉपचा जन्मच मुळी एका टाळाटाळीतून झाला. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणारा थॉमस नोल प्रबंध लिहायचा सोडून पडद्यावर करड्या छटांची चित्रं दाखवणारा प्रोग्रॅम लिहीत बसला. त्याचा भाऊ जॉन 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या चित्रपटांच्या ट्रिक फोटोग्राफीसाठी गाजलेल्या कंपनीत होता. त्याने भावाला प्रबंधाकडे वळवण्याऐवजी आणखी कामं सुचवली. फेब्रुवारी १९९० मध्ये अ‍ॅडोबीने पहिली आवृत्ती बाजारात आणली, तीही फक्त मॅकिंटॉशसाठी. प्रबंध टाळण्यासाठी माणसं काय काय करतात याच्या इतिहासात इतकी किफायतशीर नोंद दुसरी नसावी.

पुढे फोटोशॉपच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या आवृत्तीच्या काळात 'पीएसबेंच' नावाची चाचण्यांची माळ परीक्षकांमध्ये फार चालली. एकवीस क्रिया, एकामागून एक. चित्र ९० अंशांनी फिरवा. मग ९ अंशांनी फिरवा. मग ०.९ अंशाने फिरवा. मग गॉसियन ब्लरने धूसर करा: आधी १ पिक्सेलने, मग ३.७ पिक्सेलने, मग ८५ पिक्सेलने. मग अनशार्प मास्क लावून धारदार करा, तेही तीन तऱ्हांनी. आरजीबीचं सीएमवायके करा. आकार साठ टक्क्यांवर आणा. लेन्स फ्लेअर, वॉटर कलर, पोलर कोऑर्डिनेट्स. हे म्हणे प्रत्यक्ष जगातलं काम.

कॅमेरा तिरका धरल्यामुळे वरातीचा फोटो ०.९ अंशाने सरळ करणारा फोटोग्राफर एक वेळ सापडेल. पण ८५ पिक्सेलचा ब्लर? त्यानंतर त्या फोटोत नवरा कोणता आणि घोडा कोणता हे नवरीलाही सांगता येणार नाही. पोलर कोऑर्डिनेट्सने सबंध चित्र स्वतःभोवती गोल गुंडाळलं जातं. पैसे मोजून हे करून घेणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. आणि एवढं सगळं करून चित्राकडे कुणी बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं. फोटोशॉपच्या इतिहासात सर्वांत जास्त संस्कार झालेली आणि सर्वांत कमी पाहिली गेलेली चित्रं ही परीक्षकांचीच असणार. ब्लर सुबक आला की नाही, चित्र धारदार झालं की नाही, याबद्दल चकार शब्द नाही. ३.४ सेकंदांत आला, पुढचा बोर्ड लावा.

तरी थट्टेच्या भरात एक गोष्ट लपवून चालणार नाही: एके काळी या चाचणीत दम होता. २००१ सालचा पेंटियम ४ घ्या. त्याच्या आतली कॅश मेमरी २५६ किलोबाइटची. परीक्षकाचं चित्र साधारण ५० मेगाबाइटचं, म्हणजे तिच्या दोनशेपट. त्यामुळे ब्लर करताना चित्राचा एकेक तुकडा रॅममधून प्रोसेसरकडे आणि तिथून परत रॅममध्ये, अशा खेपा चालत. या खेपांचा रस्ता तेव्हा मदरबोर्डवरून जायचा. प्रोसेसर आणि रॅम यांच्या मध्ये नॉर्थब्रिज नावाची चिप बसलेली असे आणि रॅमचा सगळा कारभार तिच्या हाती होता. इंटेलच्या ८५० चिपसेटवर महागडी आरडीरॅम लावली तर सेकंदाला ३.२ गिगाबाइट माल हलायचा. त्याच वर्षी आलेल्या ८४५ चिपसेटवर परवडणारी पीसी१३३ एसडीरॅम लावली तर जेमतेम १.०६ गिगाबाइट. प्रोसेसर तोच, पण मागून माल येईना म्हणून हात चोळत बसलेला. एका बोर्डवर पैसा जायचा, दुसऱ्यावर वेळ, आणि फोटोशॉप हे इमानेइतबारे दाखवून द्यायचं. तेव्हा कुठला बोर्ड घेऊ या प्रश्नाला अर्थ होता आणि उत्तरालाही.

फोटोशॉपच्या या वजनाचा सर्वांत देखणा वापर मात्र मासिकवाल्यांनी नाही, स्टीव्ह जॉब्ज यांनी केला. मॅकवर्ल्डच्या मंचावर मॅक आणि पीसी शेजारी शेजारी मांडून फोटोशॉपची शर्यत लावायची, हा त्यांचा आवडता कार्यक्रम. जुलै २००१ मध्ये न्यू यॉर्कला एका बाजूला ८६७ मेगाहर्ट्झचा पॉवर मॅक जी४ होता आणि दुसऱ्या बाजूला १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४. आकडा निम्मा, तरी मॅक आधी काम संपवून मोकळा, पेंटियमची पट्टी आपली सरकतेच आहे, आणि सभागृहात टाळ्या. मग अ‍ॅपलचे हार्डवेअरप्रमुख जॉन रुबिन्स्टाइन यांनी मेगाहर्ट्झचा आकडा हा भ्रम कसा आहे ते समजावून सांगितलं. त्यात तथ्य होतं. पेंटियम ४ ची पाइपलाइन वीस टप्प्यांची, जी४ ची सात. शिवाय जी४ मध्ये एकाच फटक्यात बऱ्याच पिक्सेलांवर तीच क्रिया करणारी अल्टिव्हेक नावाची सोय, आणि फोटोशॉपचे कित्येक फिल्टर तिचा पुरेपूर फायदा घेणारे. शर्यतीत कुठले फिल्टर धावतील हे अ‍ॅपलच ठरवत असे, ही गोष्ट टाळ्या वाजवताना कुणाला खटकली नाही. स्वतःच्या मंचावर स्वतःचा घोडा हरवण्याइतका सच्चेपणा कुठल्याच कंपनीकडून अपेक्षित नसतो.

मजा पुढेच आहे. जून २००५ मध्ये याच जॉब्ज यांनी जाहीर केलं की मॅक आता इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार. जानेवारी २००६ मध्ये तसे मॅक आलेही. त्यांच्यासाठी नव्याने बांधलेली फोटोशॉपची आवृत्ती, सीएस३, यायला मात्र एप्रिल २००७ उजाडला. तोवर नव्या मॅकवर फोटोशॉप रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालायचं आणि जुन्या मॅकच्या मागे पडायचं. ज्या फोटोशॉपने इंटेलला भर सभेत हरवून दाखवलं, तेच इंटेल घरात आल्यावर वर्षभर पाय ओढत चाललं.

इकडे मदरबोर्डच्या नशिबी वेगळंच वाढून ठेवलं होतं. २००३ मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये रॅमचा कारभार नॉर्थब्रिजकडून काढून थेट प्रोसेसरच्या पोटात नेला. २००८ च्या अखेरीस इंटेलने कोअर आय७ मध्ये तेच केलं. म्हणजे वेग कमी-जास्त करायला मदरबोर्डच्या हाती जी एक मोठी गोष्ट होती, तीही गेली. नॉर्थब्रिज निवृत्त झाली. परीक्षणं मात्र कामावर येतच राहिली.

आता तक्ता कसा दिसतो बघा. समजा, पहिला बोर्ड ६१.२ सेकंद, दुसरा ६१.५, तिसरा ६१.६, असं करत करत शेवटचा ६२.१. पहिल्या आणि शेवटच्यात दीड टक्का. तोच बोर्ड, तेच चित्र, तीच चाचणी पुन्हा चालवली तरी एवढा फरक सहज पडतो. विंडोजला मध्येच अपडेट आठवतं, अँटिव्हायरसला उगाच संशय येतो. पण आठ-दहा बोर्ड सारखेच आहेत असं एका ओळीत लिहिलं तर परीक्षण संपलं. म्हणून आलेख काढायचा आणि त्याचा अक्ष शून्याऐवजी ६१ पासून सुरू करायचा. आता ६१.२ ची पट्टी बोटभर आणि ६२.१ ची वीतभर. खाली मजकूर: पहिल्याची 'किंचित पण निर्विवाद आघाडी', मधल्यांची 'अटीतटीची झुंज', आणि शेवटचा 'अपेक्षेपेक्षा मागे पडला तरी त्याच्या किमतीत समाधानकारक'. कुणाचंच मन दुखवायचं नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याच कंपन्यांकडून नवे बोर्ड मागवायचे असतात. शेवटी पदकं. एक सुवर्ण, एक रौप्य, एक संपादकांची पसंती, एक पैशाचं चीज. उरलेल्यांपैकी एखाद्याच्या खोक्याच्या बांधणीचं कौतुक.

या दीड टक्क्यासाठी बोर्डवाले काय करत नाहीत! नॉर्थब्रिजच्या दिवसांत काही बोर्डांची बस १३३ मेगाहर्ट्झ सांगून प्रत्यक्षात १३४ च्या आसपास चालायची. पाऊण टक्का वेग फुकट, तक्त्यात पहिला नंबर, आणि विचारलं तर घड्याळाच्या चिपची अचूकता तेवढीच म्हणून कानावर हात. बारकाईने पाहणारे परीक्षक मग आधी बस मोजू लागले. २०१२ च्या सुमारास नवी युक्ती आली. इंटेलचा प्रोसेसर एकाच कोअरवर काम असलं तर जास्त वेगाने पळतो, सगळ्या कोअर कामाला लागल्या की वेग थोडा खाली आणतो. काही बोर्ड आल्या आल्याच, मालकाला न विचारता, सगळ्या कोअर सर्वांत वरच्या वेगाने पळवायला लागले. पुढे प्रोसेसरला किती वॅट द्यायचे याच्या मर्यादाही सैल सुटल्या. २०२४ मध्ये इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले प्रोसेसर मध्येच कोलमडू लागले, तेव्हा इंटेलने बोर्डवाल्यांना बजावलं, आम्ही ठरवलेल्या सेटिंगवर या. बोर्डवाल्यांनी मुकाट्याने नवी बायोस दिली. मग इंटेलच्या स्वतःच्या मायक्रोकोडमध्येही जास्तीचं व्होल्टेज मागणारा दोष निघाला, आणि कुणी कुणाकडे बोट दाखवायचं हा प्रश्न आपोआप मिटला.

हल्लीच्या चाचण्या पुष्कळ शहाण्या आहेत. वॉशिंग्टन राज्यातली प्युजेट सिस्टिम्स ही वर्कस्टेशन बनवून विकणारी कंपनी 'प्युजेटबेंच' चालवते. यूएलच्या 'प्रोसिऑन' चाचणीत फोटोशॉपसोबत लाइटरूमही असतं. स्टॉपवॉच गेलं, स्क्रिप्ट आली. कामंही खऱ्या फोटोग्राफरच्या जवळची. त्यांतून जे निघतं ते शहाणपणाचंच आहे: प्रोसेसर चांगला घ्या, रॅम भरपूर घ्या, कोअरच्या संख्येवर भाळू नका. त्यामागे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब आहे. कामाचा दहावा भाग एकट्यानेच करावा लागत असेल, तर उरलेल्या भागावर हजार जण लावले तरी सगळं काम दहापटीहून लवकर होत नाही. फोटोशॉपची अनेक कामं अशीच, एका कोअरवर अडून बसणारी. आपल्या सरकारी कचेऱ्यांना हा सिद्धान्त नवा नाही. तिथे सहीचे साहेब एकच असतात आणि ते दौऱ्यावर असतात. मदरबोर्डबद्दल मात्र या शहाण्या चाचण्यांनाही फारसं बोलण्यासारखं सापडत नाही.

त्यातच २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आलं. फोटोतला नको असलेला मेहुणा निवडायचा, बटण दाबायचं, आणि मेहुण्याच्या जागी झाड येतं. पण हे झाड आपल्या टेबलावर उगवत नाही. त्याचा हिशेब अ‍ॅडोबीच्या सर्व्हरवर होतो. आपला बोर्ड फक्त निरोप पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. या क्रियेचे सेकंद मोजून मदरबोर्डला गुण द्यायचे म्हटलं, तर पहिला नंबर केबलवाल्याचा येईल.

फोटोशॉपचा खरा, घाम गाळणारा वापर बघायचा असेल तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात जावं. वीस फूट बाय दहा फुटांचा शुभेच्छा फलक ७२ डीपीआयला केला तरी १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास पंधरा कोटी. सीएमवायकेमध्ये एकेका पिक्सेलला चार बाइट धरले तर ६०० मेगाबाइट झाले, आणि हा फक्त पहिला लेअर. त्यावर साहेब. साहेबांच्या वर साहेबांचे साहेब. त्यांच्याही वर महापुरुषांची रांग. खाली शुभेच्छुकांची गर्दी, प्रत्येकाचा गॉगल, प्रत्येकाची अंगठी वेगळी दिसली पाहिजे. मागे उगवता सूर्य, समोर डरकाळी फोडणारा वाघ, आणि श्रीलिपीतलं नाव, सोनेरी, कडेला चमक. परीक्षकांच्या ५० मेगाबाइटच्या चित्रावर एकवीस क्रिया होत. इथे एकवीस क्रिया साहेबांच्या मिशीवरच होतात.

डिझायनरच्या खुर्चीमागे कार्यकर्ते उभे असतात.

"भाऊ, साहेबांचा फोटो अजून मोठा घ्या."

"दादा, मग खालच्या पोरांना जागा राहत नाही."

"पोरं बारीक करा."

"किती बारीक?"

"ओळखू येतील इतपत. आणि तो डावीकडचा काढू नका, फलकाचे पैसे त्याने दिलेत."

या गडबडीत मी एकदा त्या डिझायनरला विचारलं की मशीनमध्ये मदरबोर्ड कुठला आहे. त्याने स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं, "हिरवा." थोडं थांबून पुढे म्हणाला, "आधीचा निळा होता. तो जळाला."

एवढ्या दोन वाक्यांत त्याने जे सांगितलं ते कुठल्याच तक्त्यात नसतं. बोर्ड वेगात सारखे असतात, आयुष्यात नसतात. साधारण १९९९ ते २००७ या काळात असंख्य बोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसले गेले. काही काळ ते गुण्यागोविंदाने चालत. मग त्यांची डोकी फुगत, वरून तपकिरी द्रव पाझरे आणि मशीन भर कामात बंद पडे. २००५ मध्ये डेल कंपनीला अशा मशिनांच्या दुरुस्तीपायी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत कपॅसिटर बदलून देणारे हात हेच काय ते खरे मदरबोर्ड-परीक्षक. कुठल्या बोर्डचं कशाने काय होतं हे त्यांना पाठ असतं, पण त्यांना कुणी तक्ता मागत नाही. असल्या कपॅसिटरचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. परीक्षकाची चाचणी वातानुकूलित खोलीत, उघड्या बाकावर, आठवड्याभरात उरकते. बोर्डची परीक्षा व्हायला तीन उन्हाळे लागतात, आणि तीन उन्हाळ्यांनी निकाल लावून उपयोग काय, तोवर तो बोर्ड दुकानातून गेलेला असतो. म्हणून जे आठवड्यात मोजता येतं ते मोजायचं, आणि जे मोजलं तेच महत्त्वाचं म्हणायचं. दीड टक्क्याच्या लढाईचं सगळं रहस्य यात आहे.

तरीही प्रत्यक्ष जगातलीच चाचणी हवी असा कुणाचा आग्रह असेल, तर एक देशी माळ सुचवतो.

पहिली चाचणी उन्हाची. जळगाव, मे महिना, दुपारचे दोन, वर पत्रा. कॅबिनेटचं झाकण कायमचं काढलेलं, आत धूळ, आणि दुकानात एकच पंखा, तो मालकाकडे वळवलेला. अशा स्थितीत शुभेच्छा फलक उघडायचा. सेकंद मोजायचे नाहीत. उघडला तर पास.

दुसरी चाचणी विजेची. सेव्हची पट्टी ९० टक्क्यांवर असताना लाइट घालवायची. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी बदलायचं पुढच्या महिन्यावर ढकललेलं आहे, कुठल्या पुढच्या ते विचारू नये. लाइट परत आल्यावर बोर्ड सुरू झाला तर पूर्ण गुण. फाइल शिल्लक असली तर ते गुण ग्रामदैवताला.

तिसरी चाचणी रंगाची. परीक्षकांच्या माळेत आरजीबीचं सीएमवायके काही सेकंदांत होतं. इथे स्क्रीनवर झळझळणारा भगवा फ्लेक्सवर विटकरी उतरतो, कारण छपाईच्या चार शाईंना पडद्यावरचे सगळे रंग झेपत नाहीत. हे कार्यकर्त्याला समजावून सांगायला जो वेळ लागतो तो निवडणुकांच्या अंतरात मोजावा. सर्व बोर्डांना इथे सारखेच गुण मिळतील.

चौथी चाचणी कटिंगची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, तीन ठिकाणांहून पुढे ढकललेला जत्रेतला सामुदायिक फोटो. त्यातून एकट्या साहेबांना सुटं करायचं. साहेबांच्या खांद्यावर हात टाकलेल्या इसमाने आता पक्ष बदललेला आहे, त्यामुळे त्याचा हातही राहता कामा नये.

पाचवी चाचणी सर्वांत अवघड. सगळं होत आलं, मिशी काळी झाली, वाघ डावीकडून उजवीकडे गेला, की कार्यकर्ता दोन पावलं मागे जातो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, "भाऊ, पहिलं होतं तेच बरं होतं." वेगवान बोर्ड इथे सपशेल मार खातो. त्याने एव्हाना सगळे बदल करून फाइल सेव्हही केलेली असते, आणि पहिलं जे काय होतं ते हिस्टरीच्या मर्यादेबाहेर गेलेलं असतं. डिझायनरला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. तीन उन्हाळे काढलेल्या हिरव्या बोर्डवर मात्र वाघ अजून निम्म्या वाटेतच असतो, पट्टी ४० टक्क्यांवर अडलेली असते, आणि एस्केपचं बटण दाबलं की फलक जसा होता तसा हजर. या चाचणीत तो निर्विवाद पहिला. दीड टक्क्याने नव्हे, अख्ख्या दुपारने.